शिट्टी वाजली, गाडी बाजूला घेतली, आता पुढे काय? (वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं)

मागच्या अंकात एका उत्तरात मी ई-चलनाबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, तर या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं त्याच विषयावर आली. म्हणून यावेळी दुसरे विषय बाजूला ठेवलेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत. पत्रं मोठी होती, थोडी कापली आहेत.

प्रश्न : ताई, मी रोज स्कूटरनं ऑफिसला जाते. मागच्या आठवड्यात एका चौकात मला थांबवलं आणि काही विचारायच्या आधीच चावी काढून घेतली. लायसन घरी राहिलं होतं म्हणून मी मोबाईलमध्ये फोटो दाखवला, तर "हे चालत नाही" म्हणाले. डिजिटल कागद चालतात ना आता? मी घाबरून फाईन भरून टाकला पण अजून डोक्यातून जात नाहीये. (एक नोकरदार वाचक)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एका शब्दावर थांबले. तुम्ही "फोटो" दाखवला असं लिहिलंय. तो गॅलरीतला फोटो असेल तर हवालदारांचं म्हणणं बरोबर होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ बदलला, तेव्हापासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी हे कागदाच्या मूळ प्रतीइतकेच ग्राह्य धरले जातात, पण ते त्या ॲपमध्येच उघडून दाखवायचे, कारण तिथं ते सरकारी रेकॉर्डमधून आलेले असतात. आपण मोबाईलवर काढलेला फोटो, व्हॉट्सॲपवर नवऱ्यानं पाठवलेली पीडीएफ, स्क्रीनशॉट, हे सगळं म्हणजे नुसती झेरॉक्स. आज संध्याकाळी बसून डिजिलॉकरमध्ये लायसन आणि आरसी ओढून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे, आणि घरातनं निघताना एकदा लॉगिन करून ठेवा, कारण चौकात उभं राहून ओटीपीची वाट बघताना माणूस उगाच गोंधळतो.

त्याच नियमात अजून एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. कागद जवळ नसतील तर त्यांच्या प्रती, पोलिसांकडून वगैरे प्रमाणित करून घेतलेल्या, ज्या अधिकाऱ्यानं मागितल्या त्याला १५ दिवसांच्या आत देता येतात. म्हणजे कागद घरी राहिला आणि कागद मुळात नाहीच, यात कायदा फरक करतो. हे तिथं शांतपणे सांगायचं, लायसन आहे, घरी आहे, मी आणून दाखवते.

आता चावी. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये चावी काढून घ्या असं कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. कलम १३० प्रमाणे युनिफॉर्ममधल्या पोलिसांनी लायसन मागितलं की ते दाखवणं आपल्यावर बंधनकारक आहे, तिथं वाद घालायला जागा नाही. लायसन नसताना किंवा रजिस्ट्रेशन नसताना गाडी चालवली तर कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते, त्याची रीतसर नोंद होते. लायसन जमा करून घ्यायचं तर कलम २०६ आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की त्याची पोच द्यायला पाहिजे, ती पोच हातात असली की एरवी लायसन परत मिळेपर्यंत तुम्हाला गाडी चालवता येते, फक्त दारू पिऊन किंवा ट्रिपल सीटसारख्या काही गुन्ह्यांत जमा केलं असेल तर त्या पोचेवर चालवता येत नाही. पण चावीसाठी झटापट अजिबात नको. हात लागला, ढकलाढकली झाली की सरकारी कामात अडथळा, जे पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ३५३ होतं ते आता भारतीय न्याय संहितेत १३२ आहे, आणि पाचशे रुपयांचा विषय मग वर्षानुवर्षं कोर्टात चालतो. छातीवरची नेमप्लेट वाचा, नाव आणि वेळ लिहून ठेवा, तक्रार नंतर लेखी करा. आणि पट्टेरी जॅकेट घातलेला ट्रॅफिक वॉर्डन असेल तर तो वाहतूक वळवायला मदत करतो, कागद तपासायचा किंवा दंड घ्यायचा अधिकार त्याला नाही.

तुम्ही घाबरलात यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मी काळा कोट घालते तरी शिट्टी वाजली की माझ्याही पोटात गोळा येतो.

प्रश्न : माझी लाल स्प्लेंडर आहे, एमएच-१५, गेल्या चार वर्षांत नाशिक जिल्ह्याच्या बाहेर गेलेली नाही. परवा मेसेज आला की ठाण्यात ट्रिपल सीट, १००० रुपये. मुलगा म्हणतो भरून टाका, कटकट नको. भरू का? (नाशिक)

उत्तर : भरू नका! निदान फोटो बघितल्याशिवाय तरी नाहीच. हजार रुपये देऊन कटकट मिटते असं वाटतं, पण भरलं म्हणजे तुम्ही ते मान्य केलं, आणि ट्रिपल सीटच्या कलमात, म्हणजे १९४सी मध्ये, हजार रुपयांबरोबर तीन महिन्यांसाठी लायसनवर गदा येऊ शकते. जी गाडी तुमची नाही तिच्यासाठी तुम्ही तुमचं लायसन का पणाला लावताय?

वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिकच्या साईटवर किंवा ॲपमध्ये गाडी नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे आकडे टाकून चलन उघडा. त्यात फोटो असतो. तो मोबाईलवर नाही, शेजारच्या सायबर कॅफेत मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मोठा करून एकेक गोष्ट ताडून बघा. टाकीचा रंग, मागचा दिवा, आरसे आहेत का, सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे, सीटच्या मागं हँडल आहे का, मडगार्डवर कुणाचं नाव रंगवलंय का. मागच्या वर्षी माझ्याकडे एक आजोबा आले होते, त्यांच्या चलनावरच्या फोटोत मोपेड होती आणि त्यांच्याकडे बुलेट! कुणीच फोटो उघडून बघितला नव्हता, आजोबांनी नाही आणि त्यांच्या दोन इंजिनिअर मुलांनी पण नाही.

चूक कशी होते तेही सांगते. बऱ्याच वेळा समोरच्या गाडीची प्लेट मराठी आकड्यांत असते. आपला ४ घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी नऊसारखा, फोटो बघून नंबर टाईप करणाऱ्यानं तसाच टाकला की चलन तिसऱ्याच्याच घरी. मराठीचा मला कमी अभिमान नाही, पण नंबर प्लेटवर नियमानं इंग्रजी अक्षरं आणि आकडेच लागतात, आणि ते ४१४१ चं "दादा" आणि २१४ चं "राम" करणाऱ्यांमुळे असा मनस्ताप तुमच्यासारख्यांना होतो हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

दुसरी शक्यता जास्त गंभीर आहे, कुणीतरी तुमचा नंबर लावून गाडी फिरवतंय. फोटोतली गाडी पण लाल स्प्लेंडरच असेल आणि नंबर तंतोतंत तुमचा असेल तर फक्त ऑनलाईन तक्रारीवर थांबू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर शिक्का मारून पोच घ्या. उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं किंवा साखळीचोरीत ती गाडी दिसली तर ही शिक्क्याची कॉपीच तुम्हाला वाचवेल. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना सरकारनं हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची केली त्यामागं हेच कारण आहे, ती प्लेट न तुटता काढता येत नाही. दुचाकीला राज्यानं ठरवलेला दर ४५० रुपये अधिक जीएसटी आहे, बसवली नसेल तर बसवून घ्या.

तक्रार ॲपमधल्या ग्रिव्हन्समध्ये करायची. आरसीचा फोटो, तुमच्या गाडीचे पुढून मागून फोटो, आणि त्या दिवशी त्या वेळी तुम्ही नाशकात होतात याचं काही असेल तर ते, हजेरीचं पान, पेट्रोलचं बिल, दवाखान्याची पावती, काहीही. पाल्हाळ लावू नका, "फोटोतली गाडी काळी मोपेड आहे, माझी लाल मोटरसायकल आहे" असं दोन ओळींत लिहा.

आणि चलन कॅमेऱ्याचं असेल तर एक नियम लक्षात ठेवा, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७ए, ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्यात म्हटलंय की गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची आणि चलनात गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, जागा हे असलं पाहिजे. नोटीस उशिरा आली म्हणून चलन आपोआप रद्द होत नाही, पण कोर्टात मांडायला तो मुद्दा आहे. आपल्याकडे २०२५ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांनीच ट्रॅफिक पोलिसांना सूचना दिल्या की खाजगी मोबाईलवर फोटो काढून नंतर सवडीनं चलन अपलोड करायचं नाही, दिलेलं मशीनच वापरायचं.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी बाईक विकली, टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या, पैसे घेतले, विषय संपला. आता चलनं माझ्या मोबाईलवर येतात. घेणारा फोन उचलत नाही. (सांगली)

उत्तर : विषय संपला नाही दादा, हेच तर दुःख आहे. सह्या करून दिलेला टीटी फॉर्म, म्हणजे गाडी नावावर करायचा फॉर्म २९ आणि ३०, घेणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये पडून असेल तर आरटीओच्या लेखी गाडी अजून तुमचीच. कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात विक्री झाली की विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. आपल्याकडे सगळे एजंटवर सोडून देतात.

चलनाचे दोन-चार हजार हा यातला छोटा भाग आहे. त्या गाडीचा इन्शुरन्स संपलेला असताना अपघात झाला तर नुकसान भरपाई ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याकडून मागितली जाते, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये एका निकालात हे अगदी स्वच्छ सांगितलंय, मधे किती हात बदलले ते बघितलं जात नाही. मी अशी घरं बघितली आहेत, म्हणून तुम्हाला घाई करायला सांगतेय.

विक्रीचा जो काही कागद असेल तो शोधा, डिलिव्हरी नोट, बँकेत आलेले पैसे, व्हॉट्सॲपचं बोलणं सुद्धा. आरटीओत लेखी कळवा आणि पोच घ्या. घेणाऱ्याच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवा. तो सापडतच नसेल तर पोलीस ठाण्यात अर्ज. आणि जे चलन विक्रीच्या तारखेनंतरचं आहे त्यावर हे कागद जोडून तक्रार करा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर चलनाचा मेसेज आला, खाली फाईल होती, डाऊनलोड केली नाही पण भीती वाटतेय. शिवाय लोक अदालतीचा पण एक एसएमएस आलाय, तो पण खोटा असेल का? सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की सहा महिन्यांनी चलन रद्दच होतं. (ठाणे)

उत्तर : तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फाईल डाऊनलोड केली नाहीत हे फार चांगलं केलंत. शेवटी एपीके लिहिलेली फाईल म्हणजे ॲप, ते मोबाईलमध्ये शिरलं की ओटीपी वाचतं आणि बँक खातं रिकामं होतं. सरकार चलनासाठी एपीके पाठवत नाही. मेसेज खरा वाटला तरी त्यातल्या लिंकवरून न जाता स्वतः महाट्रॅफिक किंवा परिवहनची साईट उघडून आपला गाडी नंबर टाकायचा, चलन असेल तर तिथं दिसेलच. कुणाचे पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा, पहिल्या तासाभरात केला तर पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

लोक अदालतीचा मेसेज खरा असू शकतो, थकलेली चलनं कोर्टात जायच्या आधी मिटवायला अशा नोटिसा येतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन खात्री करा आणि जा. चलन चुकीचं असेल तर तिथं तसं सांगा, उगाच तडजोड करू नका, कारण लोक अदालतीत ठरलं ते शेवटचं, त्यावर अपील नाही.

सहा महिन्यांचं अर्धवट खरं आहे आणि अर्धवट खरं जास्त नडतं. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टानं सहा महिन्यांच्या आत घ्यायची अशी मुदत कायद्यात आहे, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पण ती मुदत कोर्टासाठी आहे, त्यानं सिस्टीममधलं चलन पुसलं जात नाही. ते तसंच दिसत राहतं आणि गाडी नावावर करायला किंवा पासिंगला गेलात की काम अडतं.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे, क्लास लांब आहे म्हणून कधीकधी माझी ॲक्टिव्हा नेतो. सगळीच मुलं नेतात. परवा त्याला पकडलं आणि मला बोलावून समज देऊन सोडलं. पुन्हा पकडलं तर किती फाईन असतो? (कोल्हापूर)

उत्तर : बाई, तुम्ही फाईन विचारलात म्हणून आधी तेवढंच सांगते. कलम १९९ए, २५ हजार रुपये. पण ते तिथं थांबत नाही. पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन एक वर्ष रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. पंचविशीपर्यंत म्हणजे कॉलेज, पहिली नोकरी, सगळा काळ गेला. आणि कोर्ट सुरुवातच इथून करतं की पालकाला माहीत होतं, माहीत नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. तुम्ही तर मला लिहूनच पाठवलंय की कधीकधी नेतो.

तुमच्या मनात येईल की सोळाव्या वर्षी लायसन मिळतं की. मिळतं, पण बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. ॲक्टिव्हा ११० सीसीची आहे, तिला अठरा पूर्ण लागतात. लायसन न लागणाऱ्या बॅटरीच्या स्कूटर येतात त्या २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, दुकानदार वेग वाढवून देतो म्हणाला की ती गाडी त्या सवलतीतून बाहेर गेली.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते आठवा. सतरा वर्षांचा मुलगा गाडीवर होता आणि दोन तरुण इंजिनिअर गेले. त्या दिवशी त्या दोघांच्या आईवडिलांचं काय झालं असेल याचा विचार करून मला झोप आली नव्हती. मोठी गाडी होती, मोठं घर होतं, आपलं तसं नाही असं म्हणू नका, ॲक्टिव्हाखाली पण म्हातारी माणसं येतात. तुम्हाला समज देऊन सोडलं ते हवालदार भले होते, त्यांनी कागद केला असता तर आज तुम्ही मला वेगळंच पत्र लिहिलं असतंत. चावी आजपासून कपाटात ठेवा, आणि क्लासला के.एम.टी.च्या बसनं जाऊ दे किंवा सायकलनं. चिडेल, आदळआपट करेल, चार दिवस बोलणार नाही. चालेल.

प्रश्न : पावती नको, दोनशे द्या आणि जा, असं कुणी म्हटलं तर? खरं सांगा ताई, तुम्ही काय कराल? (एक वाचक)

उत्तर : पावती मागेन. माझे वडील एकदा एका नाक्यावर असेच दोनशे देऊन सुटले आणि घरी येऊन खूश होते की पाचशे वाचले. तिसऱ्या दिवशी त्याच नाक्याचं, त्याच वेळेचं चलन मोबाईलवर, वरच्या कॅमेऱ्यानं आधीच टिपलं होतं. दोनशे गेले आणि पाचशे पण. तक्रार कशाची करणार, देणारे आपणच.

२०१८ पासून लाच देणारा पण गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बळजबरीनं द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत कळवलं की तुम्ही सुटता. अँटी करप्शनचा नंबर १०६४. जवळ रोख नसेल तर चलन करा म्हणायचं, जागेवर पैसे नसले तरी चलन होतं आणि नंतर ऑनलाईन भरता येतं.

प्रश्न : पार्टीनंतर अडकलो, मशीनवर जास्त दाखवलं. जागेवर भरून मिटत का नाही? (पिंपरी)

उत्तर : कारण कलम १८५ तडजोडीतलं नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की कोर्टात उभं राहायचं, पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तारखेला हजर राहा, चुकवलीत तर वॉरंट निघतं. कॅबचं भाडं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

प्रश्न : माझे मिस्टर ट्रॅफिकला हवालदार आहेत. तुमचे अंक आम्ही वाचतो. तुम्ही लोकांना हक्क सांगता ते बरोबर आहे, पण एक गोष्ट पण सांगा, लोक चौकाच्या मधोमध गाडी उभी करून हुज्जत घालतात आणि मागून येणारी गाडी यांच्या अंगावर येते. गेल्या पावसाळ्यात यांच्या पायावरून चाक गेलं. (एक वाचक)

उत्तर : ताई, पाय आता बरा आहे ना? पत्रात लिहिलं नाहीत. मी पहिल्या उत्तरात चावी लिहिली, कलमं लिहिली आणि नेमकं हेच राहिलं. तेव्हा आता लिहिते. थांबायचा हात दिसला की जागेवर ब्रेक मारायचा नाही. डावा इंडिकेटर, आरशात बघून चौक ओलांडून पुढे पंधरा-वीस पावलं, रस्त्याच्या डाव्या कडेला, इंजिन बंद. दुचाकी असेल तर उतरून फुटपाथच्या बाजूला उभं राहायचं म्हणजे हवालदारांनाही रस्त्यावर उभं राहावं लागत नाही. चारचाकी असेल तर काच खाली, आत बसूनच बोलायचं, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा आणि हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे. एकटी बाई असेल आणि अंधार असेल तर दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम लावून हळूहळू पुढच्या उजेडाच्या जागेपर्यंत जायला हरकत नाही, पळ काढतोय असं वाटू नये एवढाच वेग ठेवायचा. आणि एक्सप्रेस वेवर तर कडेच्या पट्ट्याच्या आत पूर्ण गाडी आल्याशिवाय दार उघडायचं नाही, तिथं मागून येणारा ताशी १०० किलोमीटरनं येत असतो.

तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. पायाचं कळवा.